घट कोणाचा?

प्रवासाहून परत येणारा माणूस बरोबर काय आणतो यावरून त्या त्या काळच्या समाजाची पारख बरीचशी करतां येते. आपल्या आजे-पणज्यांनीं काशीहून गंगाजलाचे गडू आणले. पुढच्या पिढीनें छायाचित्रें आणलीं. आणि अलीकडे सुशिक्षित मंडळी 'स्वतःच्या हातानें केलेली' वस्तु घेऊन येऊं लागली आहे. जयपुराकडे जावें व कापडावर ठसे उमटवून पाहावे, केरळांत जावें व तिकडचा स्वयंपाक शिकावा, आणि पुदुचेरीस किंवा कांगडा खोऱ्यांत गेल्यास कुंभाराच्या चाकावर दोन तास बसून एक वाटी उतरवून आणावी, असा परिपाठ पडत चालला आहे. ती वाटी दिवाणखान्यांतल्या कपाटांत ठेवली जाते, आणि पाहुण्यांस सांगितलें जातें, "ही आम्ही केली." प्रस्तुत लेखांत या एका लहानशा वाक्याचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

वाक्य निरुपद्रवी दिसतें. परंतु त्याच्याविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, ज्या धंद्यापायीं पिढ्यान्‌पिढ्या लोकांचीं कंबरडीं मोडलीं, तो धंदा चार पैसे बाळगून असलेल्यांनीं दोन तासांची करमणूक म्हणून विकत घ्यावा, हा त्या धंद्याचा उपमर्द होय. दुसरा पक्ष म्हणतो, ज्या मध्यम वर्गाचे हात तीन पिढ्या लेखणीपलीकडे कशालाहि लागले नाहींत, त्यानें आपण होऊन चिखलांत हात घालावे ही श्रमप्रतिष्ठेची पहाट होय. पहिल्या पक्षाचा राग आम्हांस समजतो व दुसऱ्याचा उत्साहहि समजतो. तथापि त्या दोन तासांत प्रत्यक्ष काय घडतें याकडे न पाहतांच दोघेहि निकाल देऊन मोकळे होतात असें आम्हांस वाटतें. म्हणून निकालाकडे वळण्यापूर्वीं घडतें तें पाहूं.

हिमाचल प्रदेशांत पालमपुराजवळ अंद्रेटा नांवाचें एक खेडें आहे. उत्तरेस धौलाधारची रांग, आणि आसपासच्या टापूंत भातशेती व चहाचे मळे. नोरा रिचर्ड्‌स या मूळच्या आयर्लंडच्या नाट्यप्रेमी बाई लाहोरांतील एका इंग्रजीच्या प्राध्यापकाच्या पत्नी म्हणून या देशांत आल्या, आणि पतीच्या निधनानंतर कांहीं वर्षांनीं या गांवीं मातीचें घर बांधून १९७१ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, राहिल्या. चित्रकार सोभासिंग फाळणीनंतर येथेंच स्थायिक झाले. दिल्लीचे सरदार गुरचरणसिंग यांनीं पहिल्या महायुद्धानंतर जपानांत जाऊन कुंभारकलेचें शिक्षण घेतलें होतें, व पुढें १९५२ सालीं दिल्लींत स्वतःची कर्मशाळा काढली होती. त्यांच्या मुलानें व सुनेनें १९८३ मध्यें अंद्रेट्यास चाकें मांडलीं. तेव्हांपासून मातीकाम शिकूं इच्छिणाऱ्यांची त्या टापूंत ये-जा असते. कोणी महिनोन्‌महिने राहून शिकतात, आणि आमच्यासारखे वाटसरू दोन तास बसून जातात. गेल्या शरद ऋतूंत त्याच खोऱ्यांत हिंडत असतां एका लहानशा कर्मशाळेंत आम्ही, आमच्या सौभाग्यवती, व दोन तरुण दांपत्यें असे सहाजण एका सकाळीं शिष्य म्हणून बसलों.

शिकविणारे गृहस्थ तिशींतले, घराण्यानें कुंभार, बोलणें बेताचें. प्रथम माती मळावयाची. कणीक मळणाऱ्या हाताला हें काम ओळखीचें वाटतें, पण हेतु वेगळा असतो. मातींत अडकलेली हवा घालवावयाची आणि ओलावा सर्वत्र सारखा करावयाचा. नाहींतर चाकावर भिंत मध्येंच डगमगते. मग गोळा चाकाच्या मध्यावर आपटून बसवावयाचा. यापुढचें काम सर्वांत अवघड, आणि पाहणाऱ्याला तें काम आहे हेंच कळत नाहीं. गोळा इतका नेमका मध्यावर आणावयाचा कीं चाक फिरत असतां तो स्थिर भासावा. तो थोडाहि बाजूस राहिला तर पुढें काढलेली भिंत एका अंगास जाड व दुसऱ्या अंगास पातळ येते. हें दंडाच्या जोरानें साधत नाहीं. कोपर मांडीला घट्ट टेकवून हात हलूं द्यावयाचा नाहीं. न हलणाऱ्या हाताशीं फिरत्या मातीनेंच जुळवून घ्यावयाचें असतें. त्यानंतर अंगठ्यांनीं मध्यभागीं खळगा करावयाचा, आणि आंतलीं व बाहेरचीं बोटें समोरासमोर धरून भिंत वर ओढावयाची. हात वर नेण्याची गति चाकाच्या गतीशीं जुळली नाहीं कीं भिंत पिळवटते. पाणी कमी पडलें तर बोट अडखळतें, जास्त झालें तर सारी माती लोळागोळा होऊन बसते.

सहाजणांपैकीं एकाचाहि गोळा आपण होऊन मध्यावर आला नाहीं. दर वेळीं त्या गृहस्थांनीं यावें, आमच्या हातांवर आपले हात ठेवावे, आणि पांच-सात सेकंदांत तो डुलणारा गोळा समाधि लागल्यासारखा उभा राहावा. भिंत कोसळण्याच्या बेतास आली कीं त्यांचीं दोन बोटें कोठून तरी येत व तिला सांवरीत. कांठ तर सहाहि वाट्यांचे त्यांनींच घडविले. शेवटीं तारेनें वाटी कापून फळीवर ठेवतांना मात्र ते प्रत्येकास म्हणाले, "झाली तुमची वाटी."

येथें आमचा प्रश्न उभा राहतो. ती वाटी खरोखर कोणाची?

आमचा जन्म घटपटाच्या खटपटींत गेला आहे. तीस वर्षें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलों कीं नैयायिकांच्या मतें मातीचीं कपालें हें घटाचें समवायि कारण, त्या कपालांचा संयोग हें असमवायि कारण, आणि कुंभार, चाक, दंड हीं निमित्त कारणें. ज्ञान झाल्यावरहि ज्ञात्याचा देह कांहीं काळ कां टिकतो हें सांख्यांना सांगावयाचें असतें, तेव्हां ते एकदां गति मिळाल्यावर आपोआप फिरत राहणाऱ्या कुंभाराच्या चाकाकडे बोट दाखवितात. वेदान्त्यांना तर माती व मडकें यांवांचून एक पाऊल टाकतां येत नाहीं. आपल्या दर्शनशास्त्राचा रस्ता असा कुंभाराच्या अंगणांतून गेलेला आहे. पण जातां जातां कोणी थांबून त्या कुंभाराशीं चार शब्द बोलल्याचें फारसें दिसत नाहीं. चाकावर बसलेल्या माणसाला पहिली गोष्ट ही दिसते कीं तेथें दोन कपालें जोडलीं जातच नाहींत. एकाच गोळ्यांतून भिंत वर निघते. नैयायिकांजवळ यालाहि उत्तर असेल. आमचें म्हणणें एवढेंच कीं हातीं माती लागलेल्या माणसाला तो प्रश्न प्रथम सुचतो, आणि पोथी हातीं असलेल्याला तो सहसा सुचत नाहीं.

तथापि कर्ता कोणास म्हणावें याचें जें लक्षण न्यायशास्त्रानें केलें आहे तें येथें फार उपयोगीं पडतें. ज्या द्रव्याची वस्तु करावयाची त्याचें प्रत्यक्ष ज्ञान, ती वस्तु करण्याची इच्छा, आणि तदनुकूल प्रयत्न, हीं तिन्ही ज्याच्या ठिकाणीं असतील तो कर्ता. या कसोटीवर त्या सकाळचे सहा शिष्य लावून पाहावे. इच्छा संपूर्ण आमची होती; तिच्यासाठीं तर आम्हीं पैसे मोजले होते. प्रयत्न निम्मा-शिम्मा आमचा म्हणतां येईल. पण मातीचें ज्ञान, म्हणजे ती आतां किती ओली आहे, किती ताण सोसेल, कोणत्या क्षणीं हार खाईल, हें सारें त्या दोन परक्या बोटांत होतें. तेव्हां शास्त्रदृष्ट्या आम्ही कर्ते नव्हतों. आणि आपली मराठी भाषा या बाबतींत शास्त्राहून सोपी आहे. तिच्यांत 'करणें' आहे आणि 'करवून घेणें' हि आहे. शाळामास्तर पोरांकडून पाढे म्हणवून घेतात, तशी ती वाटी आमच्याकडून करवून घेतली गेली.

हा युक्तिवाद आम्हीं त्या दिवशीं संध्याकाळीं मोठ्या समाधानानें सौभाग्यवतींस ऐकविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला, आणि म्हणाल्या, "अहो, दसऱ्याला बाळाचा हात धरून पाटीवर 'श्री' काढविलीत, तेव्हां ती साऱ्या वाड्याला 'बाळानें काढली' म्हणूनच दाखविलीत ना? त्याला तरी कोठें ज्ञान होतें?"

हा आक्षेप वाटतो तितका घरगुती नाहीं. मुलाच्या मुठीभोंवतीं बापाची मूठ असते, खडू बापाच्या इच्छेनें फिरतो, मुलाला अक्षर कळत नाहीं, इतकेंच काय त्याला काढण्याची इच्छाहि नसते. तरी ती 'श्री' मुलाची म्हणण्यांत कोणी खोटें बोलत आहे असें आपणांस वाटत नाहीं. मग वाटीच्या बाबतींतच ही चिकित्सा कां?

आम्हीं यावर पुष्कळ विचार केला. आमचें उत्तर असें आहे. पाटीवरच्या त्या अक्षराला आपण मुलाचें नांव देतों तें उसनवारीवर देतों. उद्यां तो पुन्हां पाटी घेईल, परवां बापाची मूठ सैल होईल, आणि एके दिवशीं ती सुटेल, या भरंवशावर आपण आजच त्याच्या नांवें जमा मांडतों. तें देणें पुढें फिटतें, म्हणून मागचें वाक्य खरें ठरतें. आम्ही मात्र दुसऱ्या दिवशीं सकाळीं सामान बांधून पठाणकोटची वाट धरणार होतों. आमच्या वाटीमागें 'उद्यां' नव्हता. हात धरून करविण्याची एकच क्रिया एके ठिकाणीं शिक्षण होते आणि दुसरे ठिकाणीं देखावा होते, याचें कारण त्या क्रियेंत शोधून सांपडत नाहीं; तें तिच्यानंतर येणाऱ्या दिवसांत असतें.

मग वाटसरूनें चाकावर बसूंच नये काय? पहिल्या पक्षाच्या लोकांना हाच निष्कर्ष हवा आहे. परंतु तो निघत नाहीं. 'उद्यां' नसलेल्याचेंहि देणें फिटण्याचा कांहीं मार्ग आहे कीं नाहीं हें आधीं पाहिलें पाहिजे. आणि त्यासाठीं त्या दोन तासांत त्याला मिळतें काय याचा हिशेब केला पाहिजे.

कला मिळत नाहीं हें उघड आहे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १९४५ मधल्या एका व्याख्यानांत, व पुढें १९४९ मधल्या आपल्या ग्रंथांत, ज्ञानाचे दोन प्रकार वेगळे करून दाखविले. अमुक गोष्ट अशी आहे हें जाणणें निराळें, व अमुक गोष्ट कशी करावी हें जाणणें निराळें. आणि दुसरें ज्ञान हें पहिल्याचीच बेरीज नव्हे, असा त्याचा सिद्धान्त. आपल्या बोलींत हा भेद निरक्षर माणूसहि पाळतो. पोहण्याची 'माहिती आहे' असें आपण म्हणतों, आणि पोहणें 'येतें' असें म्हणतों. आणि या दोन वाक्यांची अदलाबदल केल्यास विहिरीच्या कांठावर काय होईल हें सर्वांस ठाऊक आहे. घोटाळा होतो तो आम्हां पढिकांचा. आमच्या व्यवसायांत 'समजलें' म्हणजेच 'आलें'. जें नीट सांगतां येतें तें आपल्या मालकीचें झालें, असा आमचा आयुष्यभराचा समज. मातीपुढें हा समज टिकत नाहीं. अर्ध्या तासांत आम्हीं सर्व नियम तोंडपाठ केले होते, त्यांवर उत्तरपत्रिका लिहावयाची असती तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आणि गोळा डुलतच होता. मातीशीं वाद घालतां येत नाहीं, तिला आपलें पद सांगतां येत नाहीं, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाचा ती मान राखीत नाहीं.

यापासून मिळतें तें एक प्रकारचें मोजमाप. कुंभारकाम अवघड आहे हें पूर्वींहि आम्हांस मान्य होतें, जसें हिमालय उंच आहे हें मान्य असतें. परंतु मान्य असणें आणि पायथ्याशीं उभें राहून मान वर करणें यांत अंतर आहे. दोन तासांत कला येत नाहीं. ती आपणांपासून किती दूर आहे हें मात्र नेमकें कळतें. १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंत गांधीजींनीं हस्तोद्योगाच्या द्वारें शिक्षण देण्याची योजना मांडली, तिच्यावर शिक्षणतज्ज्ञांनीं आजवर पुष्कळ लिहिलें आहे. त्या योजनेचे इतर गुणदोष कांहींहि असोत, लहानपणींच हें मोजमाप प्रत्येकाच्या हातीं पडावें एवढी तिच्यांतली गोष्ट तरी आम्हांस आतां फार मोलाची वाटते. जें लहानपणीं फुकट मिळूं शकलें असतें तें आमच्या वर्गाला उतारवयांत तिकीट काढून मिळवावें लागत आहे.

पहिल्या पक्षाचा जो राग, त्याकडे आतां वळूं. खेळ म्हणून जो चाकावर बसतो तो केव्हांहि उठूं शकतो. जन्मानें ज्याला तेथें बसविलें गेलें त्याला उठण्याची मुभा नव्हती. हें म्हणणें शंभर टक्के खरें आहे. याला आणखी एक बाजू आहे. पुष्कळ कुंभार-घराण्यांत स्त्रियांनीं चाकाला हात लावूं नये अशी रूढि चालत आली आहे. माती चाळणें, भिजवणें, मळणें, भांड्यांना घोटून झिलई आणणें, हीं कामें तिचीं. चाक मात्र पुरुषाचें. म्हणजे प्रवासाला आलेली कोणीहि परकी स्त्री पैसे भरून ज्या चाकावर बसते, त्यावर घरची लक्ष्मी जन्मांत बसलेली नसते, असें कित्येक ठिकाणीं घडतें. या गोष्टीकडे डोळेझांक करून श्रमप्रतिष्ठेचीं गाणीं गाणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

पण अपमान नेमका कोठें होतो, हें ज्याचा होतो त्यालाच विचारलेलें बरें. आम्हीं त्या गृहस्थांस तसें विचारलें. त्यांच्या वडिलांचा धंदा घागरी व सुरया यांचा. प्रथम धातूच्या भांड्यांनीं व मग प्लॅस्टिकनें तो खाल्ला. आतां भांडीं विकून येतें त्याहून शिकवून अधिक येतें, असें त्यांनीं सांगितलें. "शिकायला येणाऱ्यानें अपमान होत नाहीं," ते म्हणाले. "तो निदान दोन तास माझ्यासमोर मान खालीं घालून बसतो. पण तोच बाहेर पडून माझ्या शेजाऱ्याच्या दुकानीं जातो, आणि चाळीस रुपयांच्या मडक्याला तीस देऊं करतो. म्हणतो, मातीचेंच तर आहे."

'मातीचेंच तर आहे' हे शब्द आमच्या कानांत अजून आहेत. कारण आपल्या घरोघर दिवाळीच्या पणत्या घेतांना व अक्षय तृतीयेचा घट आणतांना ते उच्चारले जातात. त्या वाक्यांत किंमत मातीची केली जाते आणि हात हिशेबांतून वगळले जातात. चाकावर बसून उठलेल्या माणसाला निदान हें वाक्य यापुढें उच्चारतां येऊं नये. आणि आम्ही ज्या देण्याविषयीं बोलत होतों तें फिटण्याचा मार्ग हाच. वाटसरूला कुंभार व्हावयाचें नाहीं; त्याचा 'उद्यां' चाकावर नाहीं, बाजारांत आहे. तेथें तो कसा वागतो यावरून त्याचे ते दोन तास शिक्षण होते कीं करमणूक होती हें ठरेल.

आमच्या संतपरंपरेंत एका कुंभाराला परीक्षकाचा मान मिळाला आहे हें या संदर्भांत आठवल्यावांचून राहत नाहीं. कथा सर्वांस ठाऊक आहे. तेरच्या गोरोबाकाकांनीं मुक्ताबाईच्या सांगण्यावरून जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर थापटणें मारून पाहिलें. बाकीचे स्वस्थ बसले, नामदेव तेवढे रागावले, आणि मडकें कच्चें ठरलें. आपण या कथेंतून नेहमीं 'कच्चें' म्हणजे हिणकस एवढाच अर्थ घेतों. परंतु कुंभाराच्या शब्दकोशांत कच्च्याचा आणखी एक गुण आहे. वाळलेलें पण न भाजलेलें मडकें पाण्यांत टाकल्यास विरघळतें व त्याची पुन्हां माती होते. ती मळून नवें भांडें काढतां येतें. उष्णता सुमारें ६०० अंश सेल्सिअसच्या पुढें गेली कीं मातीच्या कणांत बांधलें गेलेलें पाणीहि निघून गेलेलें असतें, आणि मग तें भांडें फुटेल, पण पुन्हां कधीं माती होणार नाहीं. नामदेव कच्चे ठरले म्हणूनच विसोबा खेचरांकडे जाऊन पुन्हां घडले. जो स्वतःस भाजून पक्का झालेला समजतो त्याला ती वाट उरत नाहीं. पदव्या, पद आणि वय यांच्या आंवेंत आमच्यासारखे पुष्कळजण खणखणीत भाजून निघालेले असतात. अशांनीं एखादी सकाळ सर्वांसमक्ष कच्चें ठरण्यांत घालविली तर त्यांत कमीपणा नाहीं.

वाट्या भाजून मागाहून पाठविण्याची सोय त्या ठिकाणीं होती. सौभाग्यवतींनीं आपला पत्ता दिला, आणि त्यांची वाटी आज आमच्या स्वयंपाकघरांत मिठासाठीं वापरांत आहे. आमची वाटी आम्हीं मातीच्या ढिगांत परत टाकावयास सांगितली. तिच्याकडून दुसऱ्या कोणाचा तरी हात मध्यावर यावा, हा तिचा अधिक चांगला उपयोग असें आम्हांस वाटलें. सौभाग्यवतींच्या मतें हा निव्वळ अभिमान होय, व त्यांचें म्हणणें अगदींच चूक असेल असें आम्ही म्हणत नाहीं.

असो. कपाटांत वाटी ठेवणाऱ्यांनीं ती काढून टाकावी असा आमचा आग्रह नाहीं. पाहुण्यांस ती दाखवितांना 'आमच्याकडून करवून घेतली' एवढा शब्दांत बदल केला, आणि करवून घेणाऱ्याचें नांव सांगतां आलें, तर कांहीं बिघडत नाहीं; वस्तूची शोभा कमी होत नाहीं, आणि सत्याची थोडी वाढते. राहिली गोष्ट बाजाराची. येत्या दिवाळीस कुंभारीण दारावर पणत्या घेऊन येईल, आणि डझनाचा भाव सांगेल. प्रवासांत आपण काय शिकून आलों याची परीक्षा त्या वेळीं आहे, आणि ती द्यावयास घराबाहेर पडण्याचेंहि कारण नाहीं.